एम-वनची केटी आणि आंतरराष्ट्रीय पेपर

ऐकलंत का? इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची पोरं रिसर्च करताहेत! तिसऱ्या-चौथ्या वर्षाची नव्हे हो, पहिल्या. ज्यांच्या कॅप राऊंडची पावती अजून आईच्या पर्समध्ये घडी करून ठेवलेली आहे, ज्यांना ड्रॉइंगच्या शीटवर चार बाजूंची बॉर्डर एका मापाची येत नाही, वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब घासून घासून ज्यांनी चौकोनाची करवंटी करून ठेवली, ती पोरं. दिवाळीत घरी आलेल्या भाच्याला आपण प्रेमानं विचारावं, "काय रे, मेसचं जेवण कसं आहे?" तर तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणतो, "मामा, थोडं थांब. अॅबस्ट्रॅक्टची डेडलाइन आहे." डेडलाइन! अरे, गणिताच्या त्या एम-वनच्या पहिल्या युनिट टेस्टला वीसपैकी किती पडले होते, ते सांगू का सगळ्यांना?

आपल्या वेळी असलं काही होतं का? पहिलं वर्ष हे घरची आठवण काढायला, सीनियरला टाळायला आणि केटी लागली की ती घरापासून लपवायला असायचं. रिसर्च करायचे ते टक्कल पडलेले लोक. आता टक्कल पडायच्या आधी, अहो, मिसरूड फुटायच्या आधी गुगल स्कॉलरवर प्रोफाइल उघडलेलं असतं. सायटेशन शून्य, पण फोटो कोटातला.

बरं, करा ना रिसर्च! लॅबमध्ये करा, लायब्ररीत करा, होस्टेलच्या गच्चीवर करा. पण नाही. यांना पाहिजे 'ग्रासरूट'. आणि ग्रासरूट म्हटलं की नकाशावर बोट कुठं जातं? सरळ गडचिरोलीतल्या हेमलकशाला! चंद्रपूर काय, नागपूर काय, पुणे काय, जो उठतो तो आलापल्लीचा रस्ता धरतो. आलापल्लीहून पुढे साठ-पासष्ट किलोमीटर जंगल, त्यात मधेच मोबाइलचं नेटवर्क जातं, आणि ते जाताच गाडीतल्या निम्म्या संशोधकांचा जीव कासावीस होतो. कारण त्यांचं अख्खं उपकरण 'क्लाउड'वर चालतं. वरचे ढग वेगळे, हे त्यांना त्या रस्त्यावर कळतं. भामरागड तालुक्यात पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की पुलावरून पाणी जातं, आणि तालुक्याचं ठिकाणच बाहेरच्या जगापासून तुटतं. तिथे यांचं 'रिअल-टाइम डॅशबोर्ड'. घ्या!

आणि घेऊन काय येतात, पाहिलंय का कधी? एक बुटाचा खोका. त्यात निळ्या रंगाची अर्डुइनोची पाटी, पांढरा ब्रेडबोर्ड, केसांच्या गुंत्यासारख्या रंगीत वायरी, आणि दोन गोल डोळ्यांचा तो अल्ट्रासोनिक सेन्सर. हा सेन्सर म्हणजे पहिल्या वर्षाचं कुलदैवत. तो कचऱ्याच्या डब्यावर लावला की 'स्मार्ट डस्टबिन', काठीवर लावला की 'अंधांसाठी स्मार्ट काठी', आणि चंद्रपूर जिल्ह्यात लावला की 'व्याघ्र इशारा यंत्रणा'. आता गंमत बघा. या सेन्सरचा पल्ला जास्तीत जास्त चार मीटर. म्हणजे ताडोब्याच्या काठावरच्या गावात वाघ माणसापासून चार मीटरवर आला की भोंगा वाजणार! अहो, चार मीटरवर वाघ आला हे कळायला भोंगा कशाला पाहिजे? माणूस स्वतःच भोंगा होतो ना! पण प्रेझेंटेशनमध्ये वाघाचं चित्र इतकं झकास की परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

स्मार्ट डस्टबिनची कथा तर त्याहून खमंग. झाकण आपोआप उघडणारा डबा घेऊन पोरं जंगलातल्या पाड्यावर. तिथे जेवण पानांच्या द्रोणात, खरकटं डुकराला नाही तर कोंबड्यांना, पान मातीत. डब्यात टाकायचं काय? शेवटी, ऐकिवात असं आहे, पोरांनी स्वतः आणलेल्या वेफर्सची पाकिटं त्यात टाकून 'फील्ड ट्रायल' यशस्वी केली. पाड्यावर तेवढाच कचरा होता.

मग मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर. त्याची ती दोन पायांची चिमटी मातीत खुपसायची. स्वस्तातली असेल तर वीज वाहून वाहून काही आठवड्यांत गंजते आणि मग वाळवंटाला दलदल म्हणते, दलदलीला वाळवंट. पण ते राहू द्या. जुलै महिन्यात भामरागडची माती ओली आहे, हे सांगायला यंत्र? त्या दिवसांत तिथल्या माणसाला विचारून बघा, माती ओली आहे का. तो तुमच्याकडे इतक्या दयेनं बघेल की तुम्ही तिथेच बीई सोडाल.

आणि सर्व्हे! अहाहा! सर्व्हेशिवाय रिसर्च कसला? प्रश्नावली इंग्रजीत, खाली 'एक ते पाच'चे गोळे, 'स्ट्राँगली अॅग्री'पासून 'स्ट्राँगली डिसअॅग्री'पर्यंत. समोर माडिया बोलणारी आजी. मधे दुभाषा म्हणून सुट्टीवर घरी आलेला आश्रमशाळेतला सहावीचा मुलगा. संशोधक विचारतो, "तंत्रज्ञानाबद्दल आपण किती समाधानी आहात?" मुलगा आजीला माडियात काहीतरी विचारतो, दोघं पाच मिनिटं खो खो हसतात, आणि मग मुलगा गंभीर चेहऱ्यानं सांगतो, "चार लिहा." काय विचारलंस रे बाबा? ते तो आजवर सांगत नाही. पण पेपरात मात्र छापून आलं की ग्रामीण आदिवासी महिलांमध्ये तंत्रज्ञानाविषयी समाधान 'चार' आहे. टेबल नंबर दोन. खाली 'स्रोत: प्राथमिक'.

एका म्हाताऱ्यानं तर उलटच विचारलं म्हणतात, "मागच्या वर्षी चार पोरं आली होती, तीही हेच विचारून गेली. त्यांचं काय झालं?" काय होणार बापा? त्यांचं प्लेसमेंट झालं.

आता दोष एकट्या पोरांना द्यायचा का? छे! पोरं बिचारी वारा येईल तशी पाठ देतात. वारा वरून येतोय. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, इंटर्नशिप, रिसर्च प्रोजेक्ट, सगळ्यांना क्रेडिट. कॉलेजला नॅक पाहिजे, एनआयआरएफचा नंबर पाहिजे, आणि दोन्हीकडे संशोधनाचा रकाना. मग प्राचार्यांचा फोन विभागप्रमुखांना, विभागप्रमुखांचा मॅडमना, मॅडमचा मेसेज फर्स्ट इयर 'ए' डिव्हिजनच्या ग्रुपवर: 'ज्यांना पेपर करायचा आहे त्यांनी आजच नावं द्या.' नावं दिली नाहीत तर? इंटर्नल मार्क्स नावाची एक गोष्ट असते बरं का.

शिवाय 'आविष्कार' आहेच. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा 2006 पासून चालते. पदवीच्या पोरांपासून पीएचडीवाल्यांपर्यंत सगळे त्यात, शेती-पशुपालनापासून इंजिनीअरिंगपर्यंत वेगवेगळे गट. आधी कॉलेजात, मग विद्यापीठात, मग राज्यावर. स्पर्धा चांगली, काही पोस्टर खरंच डोळे उघडणारी. पण त्या पोस्टरची छपाई कुठे होते, ते बघायला जा एकदा. तोच फ्लेक्सवाला, ज्याच्याकडे एरवी भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर छापतात. भाऊंचा हात जोडलेला फोटो एका मॉनिटरवर, दुसऱ्यावर 'आयओटी बेस्ड सस्टेनेबल मोहा ड्रायिंग सिस्टिम'. सीझनभर इतकी पोस्टरं काढून फ्लेक्सवाला आता तयार झालाय. पोरांनी पेन ड्राइव्ह दिला की तो स्वतःच विचारतो, "मेथडॉलॉजी डावीकडं घेऊ ना? कन्क्लूजन लहान आहे तुमचं, वाढवा थोडं, जागा रिकामी दिसते." पोरं तिथल्या तिथे कन्क्लूजन वाढवतात. पुढे संदर्भसूची बसत नाही म्हणून तो ती कापतो. पोस्टरला धार कोणी लावली? त्यानं. गाईड म्हणून नाव कोणाचं? सरांचं. हा अन्याय नाही तर काय?

आणि पेपर छापणाऱ्यांची दुकानं! सकाळी पाठवा, संध्याकाळी स्वीकारला, रात्री पैसे भरा, सकाळी सर्टिफिकेट. 'पीअर रिव्ह्यू' कधी झाला? झोपेत झाला असेल. जर्नलच्या नावात 'इंटरनॅशनल' पाहिजे, 'अॅडव्हान्स्ड' पाहिजे, 'इनोव्हेटिव्ह' पाहिजे. मजकूर तेवढा नसला तरी चालतो. असल्या दुकानांना चाप म्हणून यूजीसीनं 'केअर' नावाची यादी केली, आणि 2025 च्या फेब्रुवारीत ती यादीच बंद करून टाकली. आता ज्यानं त्यानं आपापलं बघावं. पोरं बघताहेतच. उचलेगिरीचंही गणित त्यांना पाठ. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं जातं. म्हणजे 'दहा टक्के ढापायला परवानगी' असा सोयीचा अर्थ काढून उरलेलं नव्वद टक्के शब्द उलटेपालटे करून बसवायचं. 'हात धुवा' असं लिहिलं तर साम्य सापडतं, म्हणून 'वरच्या अवयवांची जलीय स्वच्छता करा'. वाचून हसू नका, असलं इंग्रजी छापलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पेपरनं भागत नाही तिथे पेटंट. पहिल्या वर्षाला पेटंट! हे ऐकून शेजारच्या काकूंच्या हातातली ताटली पडली. पडणारच. पण काकूंना हे कोणी सांगितलं नाही की अर्ज केला की अठरा महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो, घाई असेल तर जास्तीचा फॉर्म आणि फी भरून त्याआधीही. आणि 'प्रसिद्ध झालं' म्हणजे 'मिळालं' नव्हे. मिळायच्या आधी तपासणी असते, हरकती असतात, उत्तरं असतात, आणि बहुतेकांचा उत्साह तिथे संपतो. पण व्हॉट्सअॅप स्टेटसला काय, 'पेटंट पब्लिश्ड' आणि खाली तीन रॉकेटं. 2021 पासून शिक्षणसंस्थांना फीमध्ये ऐंशी टक्के सूट मिळाली, तशी तर जत्राच भरली. काहींनी तर थेट विलायतेत डिझाइनची नोंदणी केली. तिथे नोंदणीआधी नवेपणाची खोल तपासणी होत नाही, आणि सर्टिफिकेटवर राजमुकुट असतो. बैठकीच्या खोलीत फ्रेम लावायला याहून शोभिवंत काय मिळणार?

आता कोणी म्हणेल, तुम्ही नुसतीच टवाळी करता, चांगलं काही दिसत नाही का? दिसतं की! अमेरिकेत एमआयटीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर बाईंनी 1969 मध्ये पदवीच्या पोरांना प्राध्यापकांच्या लॅबमध्ये घुसवायचं खूळ काढलं, तेव्हापासून ते जगभर पसरलं. आपल्या पवईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात पोरं गट करून काहीबाही बनवतात. संस्था पैसे देते, सीनियर मार्गदर्शन करतात. पुण्याच्या सीओईपीच्या पोरांनी तर उपग्रह केला हो! 'स्वयम्' त्याचं नाव, वजन जेमतेम किलोभर. काम सुरू झालं 2008 मध्ये, उडाला 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 वरून. मधली आठ वर्षं बॅचमागून बॅच येत राहिली, पास होऊन जात राहिली, आणि पुढच्यांनी आधीच्यांच्या वह्या वाचून काम ओढलं. ज्यांनी सुरुवात केली ते उड्डाणाच्या दिवशी कुठल्या तरी कंपनीत मीटिंगला बसले असतील. आता सांगा, आठ वर्षं कोणाला वेळ आहे? आपल्याकडे छत्तीस तासांचं हॅकेथॉन. शनिवारी सकाळी कुपोषण हातात घ्यायचं, रविवारी रात्री संपवायचं. सोमवारी एम-वनची सबमिशन आहे.

आणि ज्या जिल्ह्यात ही वरात निघते, त्या गडचिरोलीनंच या सगळ्यांचं नाक कापून ठेवलंय, ते निराळंच. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये इथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांच्या वसाहतीचं नावच शोधग्राम. 1989 मध्ये राणीताईंचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला: दोन खेड्यांतल्या 650 बायका तपासल्या, त्यातल्या 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. जगाचे डोळे पांढरे झाले. 1999 मध्ये पुन्हा 'लॅन्सेट', घरच्या घरी नवजात बाळांची काळजी. गावातल्या बायकांनीच शिकून केली, आणि बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी उतरले. आणि यांचं उपकरण कसलं म्हणाल? लहान मुलाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायला एक श्वासमापक. मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. आरोग्यदूतानं बाळाचे श्वास मोजत मणी सरकवायचे. वाळू संपायच्या आत धोक्याचा मणी आला, तर उपचार. ना बॅटरी, ना वायफाय, ना अॅप! असलं काही आज 'आविष्कार'ला मांडलं तर परीक्षक चष्मा काढून विचारतील, "यात एआय कुठाय?"

हेमलकशाचंही तेच. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प उभा केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी तिथे जाऊन राहिले. वीज नाही, धड रस्ता नाही. दोघं आधी माडिया शिकले, औषध-गोळ्या त्या बोलीतून दिल्या. 2008 साली मॅगसेसे मिळालं. हे सगळं पोरांना पाठ असतं, कारण त्यांच्यावरचा सिनेमा पाहिलेला असतो. प्रकल्पावर पोचल्यावर पहिला फोटो तिथल्या बिबट्यांच्या पिंजऱ्यासमोर, दुसरा हाफ पँट-बनियनवाल्या डॉक्टरांसोबत मिळाला तर भाग्य, आणि रात्री पोस्ट: 'इन्स्पायर्ड. प्रॉब्लेम स्टेटमेंट लोडिंग.' माडियाचा एक शब्द शिकलास का रे? शिकतोय ना, त्यासाठी अॅप बनवतोय.

ही लाट बाजूला उभं राहून बघणारे आपण मात्र शहाणे, नाही का? शहाणे कसले! चंद्रपूरच्या एका काकांनी मुलाच्या पेपरात स्वतःचं नाव चौथं घातलं, कारण जीप त्यांची होती. एका आत्यानं सर्व्हेचे चाळीस फॉर्म संध्याकाळी भजन मंडळातून भरून आणले; 'मोहफुलं वेचताना येणाऱ्या अडचणी' यावर चंद्रपुरातल्या तुकूमच्या भजन मंडळानं एकमतानं मत नोंदवलं. बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा नातवाला एक्सेल शिकवता शिकवता इतके रंगले की आता त्यांचा स्वतःचा विषय आहे आणि नातू सहलेखक. आणि ग्रुपवर 'कृपया हा गुगल फॉर्म भरा, फक्त दोन मिनिटं लागतील' असं आलं की आपण काय करतो? वय खोटं टाकून 'स्ट्राँगली अॅग्री' दाबतोच ना? लागला की मग आपलाही संशोधनाला हातभार! पुढच्या वेळी नावं ठेवताना आठवण ठेवा.

पण खरा गवगवा झाला तो एका पोरीमुळे. ही आमच्याच ओळखीतली, नाव नको. पाचजणांचा गट भामरागड तालुक्यातल्या एका गावात सोलर दिव्यांवर 'मशीन लर्निंग' लावायला गेला. पहिल्याच संध्याकाळी लॅपटॉपची बॅटरी संपली, मशीनचं लर्निंग तिथेच आटोपलं. बाकीचे चौघं नदीवर फोटो काढायला गेले. ही बाई काय करते? शंभर पानी वही घेते, आणि दर रात्री गावातल्या एकेका घरी बसून लिहिते: दिवा किती वाजता लावला, किती वाजता मंद झाला, तेव्हा घरात कोण काय करत होतं. पॅनेल कुठल्या झाडाच्या सावलीत आहे. शेवटचं कधी पुसलं. कोणी दिवा बंद करून बॅटरीवर मोबाइल चार्ज करतं. सेन्सर नाही, क्लाउड नाही, नुसती वही! परत आल्यावर गटात भांडण. "हे काय घेऊन बसलीस? याला नॉव्हेल्टी कुठाय?" तिला पेपरातून काढून टाकलं. चौघांचा पेपर आला, इंटरनॅशनल आणि अॅडव्हान्स्ड दोन्ही. हिची वही पडून.

आणि काय निर्लज्जपणा बघा, ती पुन्हा गेली! उन्हाळ्याच्या सुट्टीत, एसटीनं, एकटी. गावातल्या दोन पोरांना वही भरायला शिकवून आली, आणि पॅनेलवर येणारी फांदी कापायची की पॅनेल हलवायचं यावर गावात बैठक झाली म्हणे. फांदी मोहाची, ती कोण कापणार? पॅनेल हललं. अहो, याला काय रिसर्च म्हणायचं? ना टायटल, ना डीओआय, ना सर्टिफिकेट. तिच्या आईला लोक विचारतात, "तुमची मुलगी काय करते?" तर त्या माउलीनं काय सांगायचं, 'दिवे मोजते'?

एम-वनची केटी मात्र तिचीही आहे, तेवढा एक दिलासा.

आता ताजी बातमी अशी की तिच्या त्या वहीचे फोटो कोणीतरी आमच्या ग्रुपवर टाकले आणि सगळ्यांचं डोकं फिरलंय. काकांनी जीप तयार ठेवली आहे. आत्या म्हणते, यंदा भजन मंडळाला थेट गावात नेऊ, फॉर्म बसल्या जागी भरायचे नाहीत. निवृत्त आजोबांनी वहीचे रकाने आखून दिलेत, तांबड्या शाईनं. फ्लेक्सवाला म्हणतो, पोस्टर फुकट, पण लेखकांत नाव पाहिजे आणि संदर्भसूची कापणार नाही. लेखक आतापर्यंत अकरा झालेत. पोरगी म्हणते, तुमच्यातला एक जरी आला तरी मी येणार नाही. गाईड म्हणून कोणाचं नाव घालायचं तेवढंच अडलंय. तुमचं घालू का?